अठरा समीकरणं आणि ट्युरिंग यांची शंका

न्यूमरिकल लिनिअर अल्जिब्रावरच्या कुठल्याही व्याख्यानाला बसा, एक वाक्य हमखास कानावर पडेल: 'ही पद्धत बॅकवर्ड स्टेबल आहे.' एवढं म्हणून वक्ता पुढच्या स्लाइडवर जातो. माझं पहिलं वर्ष तर नुसती मान डोलावण्यातच गेलं. त्या दोन शब्दांमागची गोष्ट आज सांगते.

१९४६ च्या सुमारास लंडनजवळच्या टेडिंग्टन इथल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १८ समीकरणं सोडवायला आली. पद्धत आपण शाळेत शिकतो तीच. एकेका चलाचा लोप करत जायचं आणि मग शेवटून मागे येत किमती काढायच्या. घोळ होता तो आकडे कापण्याचा. दर पायरीला दहाच दशांश स्थळं ठेवायची, म्हणजे दर पायरीला बारीकशी चूक, आणि ती चूक पुढच्या पायरीत जाणार.

१९४३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी इशारा दिला होता की, ही चूक दर चलामागे चौपट होऊ शकते. १८ समीकरणांसाठी १७ वेळा चौपट करून बघा: सुमारे १७१८ कोटी पट! दहा स्थळांतला एकही अंक खरा उरायला नको.

शेवटी चर्चा पुरे म्हणून चौघं डेस्क कॅल्क्युलेटर घेऊन बसले: फॉक्स, गुडविन, जिम विल्किन्सन आणि ॲलन ट्युरिंग. ट्युरिंग यांचा संगणक तेव्हा कागदावरच होता. ते फारसे उत्सुक नव्हते. एक तर हे फसणार अशी त्यांची खात्री होती, आणि दुसरं म्हणजे त्या यंत्रावर त्यांचा हात बसलेला नव्हता. (हा तपशील मला फार आवडतो.) काम दोनेक आठवडे चाललं.

उत्तरं मूळ समीकरणांत घालून पाहिली, तर दोन्ही बाजू दहाव्या स्थळापर्यंत जुळल्या. गंमत म्हणजे उत्तरातले जेमतेम सहा अंक बरोबर होते. मग बाकीचे चुकीचे अंक घेऊनही ताळा जुळला कसा?

विल्किन्सन यांनी पुढे याचा पूर्ण उलगडा केला. मिळालेलं उत्तर हे किंचित हललेल्या, जवळच्याच दुसऱ्या समीकरणांचं अगदी नेमकं उत्तर असतं. म्हणजे पद्धतीने आपलं काम चोख केलेलं असतं. अंक गेले ते मूळ प्रश्नच नाजूक होता म्हणून. तो नाजूकपणा मोजणारा 'कंडिशन नंबर' ट्युरिंग यांनीच १९४८ च्या शोधनिबंधात मांडला. विल्किन्सन यांना १९७० मध्ये पुरस्कार मिळाला, तोही ट्युरिंग यांच्याच नावाचा.

आज ऑप्टिमायझेशनमध्ये न्यूटनच्या पद्धतीची प्रत्येक पायरी म्हणजे असाच एक समीकरणांचा संच. तो अनेकदा त्याच लोप पद्धतीने सुटतो, फक्त दर वेळी स्तंभातला सर्वांत मोठा आकडा निवडून भागायचं. असं करूनही आकडे दर पायरीला दुप्पट होत जातील अशी उदाहरणं मुद्दाम रचता येतात, खुद्द विल्किन्सन यांनी ती दिली आहेत. प्रत्यक्षात मात्र ती जवळपास कधीच भेटत नाहीत. का भेटत नाहीत, याचं पुरतं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडेच नाही.