पायांतील निळी जाळी : एका उपचाराचा इतिहास

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील कुटुंबांना भेटी देत असताना एक गोष्ट आमच्या वारंवार लक्षात आली आहे. घरातील गृहिणी पाहुण्याला बसवते, पण स्वतः बसत नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानेच ती बोलते. दौंडच्या रेल्वे वसाहतीत एका संध्याकाळी अशाच एका वयस्क भगिनीने बराच संकोच करून आम्हांस विचारले, "फादर, पायांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या रेघा आल्यात. रात्री पाय जड होतात. सून म्हणते, डॉक्टर सुई टोचून त्या घालवतात. या वयात असं करणं शोभतं का? की देवानं दिलंय म्हणून सोसायचं?"

प्रश्न लहान होता, पण त्याचे उत्तर आम्हांस तेथल्या तेथे देता आले नाही. पुढे या विषयावर जे वाचले, ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या त्या रोहिण्या आणि हृदयाकडे परत आणणाऱ्या त्या नीला, असे जुन्या पुस्तकांत शिकवीत असत. बोलण्यात आपण सर्वांना शिराच म्हणतो. पायांतील रक्ताला हृदयाकडे जाण्यासाठी चढ चढावा लागतो. ते खाली घसरू नये म्हणून या शिरांच्या आत ठिकठिकाणी नाजूक झडपा असतात. आपल्या शेतकरी बांधवांना विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह ठाऊक आहे. तो गळू लागला की वर चढलेले पाणी परत खाली येते. तसेच येथे घडते. स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याजवळील शिरेत सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालू लागताच पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि हा दाब निम्म्याहूनही खाली येतो. म्हणून चालणाऱ्यापेक्षा एका जागी उभे राहणाऱ्याचे पाय अधिक सोसतात. रांजणगावच्या कारखान्यांतील कामगार, बंदोबस्तावरील पोलीस, वर्गात शिकविणारी बाई आणि ओट्यापाशी उभी असलेली आई हे सारे या एका ओळीत येतात. आनुवंशिकता, बाळंतपणे आणि वय यांचाही त्यात वाटा असतो. मोठ्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. कातडीतील एक मिलिमीटरहून बारीक शिरा रुंदावल्या की निळी-तांबडी जाळी दिसू लागते.

हे दुखणे मानवजातीला फार प्राचीन काळापासून परिचित आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या इजिप्शियन एबर्स पपायरसमध्ये सर्पाकृती फुगलेल्या शिरांना शस्त्र लावू नये, असा इशारा आढळतो. आपल्या सुश्रुतसंहितेत शरीरातील ७०० शिरांची गणना असून त्यांपैकी ९८ शिरांचा वेध करू नये, असे बजावले आहे. रोमन सेनापती मारियस याची हकिकत प्लूटार्कने लिहून ठेवली आहे. त्याने न बांधता, न कण्हता एका पायाच्या शिरा कापवून घेतल्या. पण वैद्य दुसऱ्या पायाकडे वळताच, इतक्या वेदना सोसण्याजोगा हा इलाज नाही, असे सांगून त्याने नकार दिला. शूर माणसालाही "आता पुरे" म्हणण्याचा अधिकार असतो, हे या कथेतून ध्यानात येते.

शिरांतील झडपांचे सविस्तर वर्णन इटलीतील पादुआ विद्यापीठाचे फाब्रिसियस यांनी १६०३ साली प्रसिद्ध केले. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा या झडपांचे खरे प्रयोजन जगाला उमगले. पुढे १६५६ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे क्रिस्तोफर रेन यांनी पिसाची पोकळ नळी आणि प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी यांच्या साहाय्याने कुत्र्याच्या शिरेत द्रव सोडून दाखविला. लंडनचे आजचे सेंट पॉल कॅथेड्रल उभारणारे वास्तुशिल्पी ते हेच होत. तथापि खरी पोकळ सुई अवतरण्यास आणखी जवळजवळ दोनशे वर्षे लागली. डब्लिनचे फ्रान्सिस रिंड यांनी ती १८४४ मध्ये वापरली आणि १८५३ मध्ये फ्रान्समधील लिओं येथील शार्ल प्राव्हाझ यांनी आपली पिचकारी तयार केली.

सुई हाती आली. पण तिच्यात भरावे काय, हा प्रश्न उरलाच. खराब झालेल्या शिरेच्या आतील अस्तराला द्रवाने मुद्दाम इजा करायची, म्हणजे तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात, ती बंद होते आणि रक्त शेजारच्या निरोगी शिरांतून वाट काढते, ही कल्पना मुळात योग्यच होती. परंतु त्या काळी लोहाचे क्षार, आयोडीन व टॅनिन यांसारखे जहाल द्रव वापरले जात. निर्जंतुकीकरणाचे ज्ञान तेव्हा बाल्यावस्थेत होते. जखमा चिघळल्या, गुठळ्या झाल्या, रुग्ण दगावले. अखेर १८९४ साली लिओं येथेच भरलेल्या वैद्यक परिषदेने हा उपचार त्याज्य ठरविला. ज्या नगरात ती पिचकारी जन्मली, तेथेच तिच्या या उपयोगाला निरोप देण्यात आला.

त्याचे पुनरुज्जीवन झाले ते एका निरीक्षणामुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच डॉक्टर सिकार उपदंशाच्या रोग्यांना शिरेतून औषध देत असत. ज्या शिरेत सुई टोचावी ती हळूहळू बंद पडते, हे त्यांच्या ध्यानात आले. एका ठिकाणी जो दोष, तोच दुसऱ्या ठिकाणी औषध ठरेल, असा विचार करून त्यांनी सौम्य द्रवांचे प्रयोग केले. १९३० च्या सुमारास कॉड माशाच्या तेलापासून केलेला एक द्रव आला, तर १९४६ मध्ये सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. मुळात बधिरीकरणासाठी तयार झालेले पोलिडोकॅनॉल १९६० च्या दशकात या कामी येऊ लागले. त्याच दशकात डब्लिनचे जॉर्ज फेगन यांनी सुईनंतर पाय घट्ट पट्टीने बांधून रुग्णाला चालावयास लावण्याची पद्धत रूढ केली. २००० च्या सुमारास इटलीचे डॉ. तेसारी यांनी दोन पिचकाऱ्या एका तोटीने जोडून द्रवाचा फेस करण्याची सोपी युक्ती दिली. हा फेस मोठ्या शिरांतही उपयोगी पडतो.

आज हा उपचार दवाखान्यात, भूल न देता, अतिशय बारीक सुईने होतो. जाळी एका दिवसात जात नाही. तिला काही आठवडे लागतात आणि पुष्कळदा सुई पुन्हा टोचून घ्यावी लागते. काहींच्या कातडीवर तपकिरी डाग राहतो. क्वचित व्रण होतो, त्याहून क्वचित खोल शिरेत गुठळी होते किंवा औषधाची ॲलर्जी उद्भवते. गरोदरपणी हा उपचार टाळतात. बंद केलेली शीर सहसा त्रास देत नाही, पण नवी जाळी उमटू शकते, कारण उभे राहण्याचे कारण सुई दूर करीत नाही.

येथे आम्हांस संत पेरेग्रिन आठवतात. इटलीतील फोर्ली गावचे हे व्रतस्थ १३४५ साली स्वर्गवासी झाले आणि १७२६ मध्ये पोप बेनेडिक्ट तेरावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. गरजेवाचून बसावयाचे नाही, अशी तपश्चर्या त्यांनी ३० वर्षे केल्याचे परंपरा सांगते. त्यातून पायाच्या शिरा फुगल्या आणि असाध्य व्रण झाला. आदल्या रात्री क्रूसापुढे प्रार्थना केल्यावर तो बरा झाला, हे आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु त्या रात्रीनंतरच्या सकाळी पाय कापण्याचे ठरले होते आणि त्यासाठी वैद्य येणार होते, हे आपण विसरतो. एवढे सोसलेल्या संताने वैद्याला दार बंद केले नव्हते.

आम्ही त्या भगिनीला हेच सांगितले. सोसणे हा सद्गुण खरा. लपविणे हा नव्हे. ती सुनेसोबत पुण्यास जाऊन आली. डॉक्टरांनी सोनोग्राफीने शिरा तपासल्या. बारीक जाळीपासून अपाय नव्हता. मात्र मांडीतील एका मोठ्या शिरेच्या झडपा गळत होत्या आणि पायांचा जडपणा तिच्यामुळे होता. आधी तिचा इलाज, मग हवी तर जाळीसाठी सुई, असे ठरले. नुसत्या दिसण्याची लाज बाळगून ती घरी राहिली असती, तर आतले दुखणे कोणास कळलेच नसते.

पुढच्या भेटीला गेलो, तेव्हा तिने चहा आणून ठेवला. मग खुर्ची ओढून, पाय एका स्टुलावर टेकवून, तीही आमच्यासमोर बसली.