योनाचा वेल आणि शास्त्राचा अधिकार

आज जेथे त्रिपोली शहर आहे तेथे रोमन साम्राज्याच्या काळी ओएया नावाचे नगर होते. तेथील ख्रिस्तमंदिरात एके दिवशी योना संदेष्ट्याच्या पुस्तकातील उतारा वाचला जात होता. वाचन चालू असतानाच लोकांत एकाएकी गलबला उडाला. पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडलेला, तोंडपाठ झालेला एक शब्द बदलला होता. "हे खोटे आहे!" असा आरोप विशेषतः ग्रीक भाषिकांनी केला. बिशपांनी शहरातील यहुदी लोकांना विचारले, तेव्हा त्यांनीही जुन्या शब्दाच्या बाजूने साक्ष दिली. मंडळी आपल्याला सोडून जाते की काय, या धास्तीने अखेर बिशपांनी नवा शब्द मागे घेतला. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी ही हकीकत इ. स. ४०३ मध्ये एका पत्रात लिहून पाठविली. ज्यांनी हा शब्द बदलला होता ते भाषांतरकार संत जेरोम तेव्हा दूर बेथलेहेम येथे राहत होते, आणि पत्र त्यांनाच लिहिलेले होते.

पवित्र शास्त्र हे ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचे प्रमाण आहे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु प्रमाण म्हणजे नेमके काय? मूळ भाषेतील शब्द, की लोकांच्या मुखी रुळलेला शब्द? हा प्रश्न या दोन थोर पुरुषांच्या पत्रव्यवहारात जितक्या स्पष्टपणे उभा राहिला तितका तो क्वचितच राहिला असेल.

बायबल हे एक पुस्तक नसून अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. त्यातील जुन्या कराराचा बहुतेक भाग मूळ हिब्रू भाषेत आहे. नवा करार ग्रीक भाषेत आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथील यहुदी लोकांनी जुना करार ग्रीक भाषेत उतरविण्यास आरंभ केला. सत्तर वडीलधाऱ्या पंडितांनी तो उतरविला अशी आख्यायिका असल्याने त्या भाषांतरास 'सप्तती' हे नाव पडले. प्रेषितांच्या काळी ख्रिस्ती मंडळींत हाच ग्रंथ प्रचलित होता, आणि जुनी लॅटिन भाषांतरे त्यावरूनच झाली होती. परंतु नकला करणारे हात अनेक आणि भाषांतरे करणारेही अनेक; त्यामुळे चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन प्रतींमध्ये पाठभेदांचे रान माजले होते.

हे रान साफ करण्याचे काम पोप दामासुस यांनी ३८२ च्या सुमारास आपले सचिव जेरोम यांच्यावर सोपविले. जेरोम हे रोममध्ये शिकलेले लॅटिनचे पंडित. तरुणपणी सीरियाच्या वाळवंटात तपश्चर्या करीत असता ते ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी गृहस्थाकडून हिब्रूची मुळाक्षरे शिकले होते. दामासुस ३८४ मध्ये निवर्तले आणि पुढल्याच वर्षी जेरोम यांनी रोम सोडले. ३८६ पासून बेथलेहेम हीच त्यांची कर्मभूमी झाली. पाउला नावाच्या धनाढ्य रोमन विधवेने तेथे मठ उभारले, आणि ती व तिची कन्या युस्टोकियम स्वतः हिब्रू शिकल्या. एक यहुदी गुरू लोकापवादाच्या भयाने रात्री येऊन जेरोम यांना शिकवीत असे. या परिश्रमांतून त्यांचा एक निश्चय झाला. भाषांतराचे भाषांतर करण्यात अर्थ नाही. उगमापर्यंत गेले पाहिजे. सुमारे ३९० ते ४०५ या काळात त्यांनी जुना करार थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला.

आता तो वादग्रस्त शब्द पाहू. योना संदेष्ट्याने निनवे नगराला विनाशाची सूचना दिली. लोकांनी पश्चात्ताप केला आणि परमेश्वराने नगर वाचविले. योना रुसून नगराबाहेर जाऊन बसला. त्याच्या डोक्यावर सावली व्हावी म्हणून परमेश्वराने एक रोप वाढविले आणि दुसऱ्या दिवशी ते किडीने सुकविले. रोपासाठी हळहळणाऱ्या योनाला परमेश्वराने विचारले की, एवढ्या मोठ्या नगराची मला दया येऊ नये काय? हे रोप कोणते? जुन्या लॅटिन पाठात ते भोपळ्याचे होते. ख्रिस्ती शवपेट्यांवर आणि रोमच्या भुयारी दफनस्थानांतील भिंतींवर भोपळे लोंबणाऱ्या मांडवाखाली पहुडलेला योना लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. जेरोम यांनी मात्र तेथे आयव्ही, म्हणजे भिंतीवर चढणारा एक पानवेल घातला.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या पत्रात तो शब्द कोणता हे लिहिले नव्हते. जेरोम यांनी तर्काने ओळखले आणि ४०४ मध्ये उत्तर पाठविले. हिब्रू शब्द 'किकायोन' असा आहे. द्राक्षवेलीसारखी रुंद पाने असलेले, आधाराशिवाय आपल्याच खोडावर उभे राहणारे, झपाट्याने वाढणारे हे झुडूप आहे, असे ते सांगतात. आजचे बहुतेक अभ्यासक ते एरंड असावे असे मानतात. आपल्या बांधावर वाढणारा एरंड डोळ्यांपुढे आणला म्हणजे जेरोम यांचे वर्णन किती बिनचूक आहे हे कळेल. त्याला लॅटिनमध्ये नाव नाही, आणि हिब्रू शब्द तसाच ठेवला तर कोणाला काहीच कळणार नाही, म्हणून पूर्वीच्या काही ग्रीक भाषांतरकारांप्रमाणे आपण आयव्ही हा शब्द घेतला, असा त्यांचा खुलासा होता. म्हणजे भोपळाही खरा नव्हता आणि आयव्हीही पूर्ण खरा नव्हता!

ओएयाच्या लोकांना हसणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. शास्त्र त्यांना पोथीतून नव्हे तर कानांतून मिळाले होते. हरिपाठातील एखादे अक्षर बदलले तर वारीतल्या निरक्षर माळकऱ्यालाही ते चटकन खटकेल. दुसऱ्या बाजूने, ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी ती शुद्ध केली, ती ग्रंथावरील भक्तीपोटीच. राखणे आणि शोधणे ही दोन्ही भक्तीचीच कामे आहेत.

संत ऑगस्टीन राखणाऱ्यांचे कैवारी होते. त्यांचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. ग्रीक पाठाबद्दल शंका आली तर ग्रीक जाणणारे पुष्कळ सापडतील. हिब्रूबद्दल आली तर पडताळा कोण पाहणार? एकट्या जेरोम यांच्या विद्वत्तेवर साऱ्या ख्रिस्तसभेने विसंबावे काय? आणि पूर्वेकडील मंडळींत एक पाठ व पश्चिमेकडे दुसरा, असे झाले तर एकी कशी टिकेल?

परंतु याच पत्रव्यवहारात आणखी एक वाद होता, आणि तो अधिक खोल होता. अंत्युखिया येथे संत पौलाने संत पेत्राला सर्वांदेखत दोष दिला, असे गलतीकरांस पत्रात लिहिले आहे. जेरोम यांचे म्हणणे असे की, दोघा प्रेषितांनी लोकांच्या हितासाठी केलेला तो देखावा होता. ऑगस्टीन यांना हे मुळीच मान्य नव्हते. शास्त्रात एक सोयीचे असत्य आहे असे मानले तर पुढे ज्याला जे वचन जड जाईल त्याला तो सोयीचे असत्य म्हणू लागेल, आणि मग शास्त्राचा अधिकार उरेल कोठे? ४०५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला नियम सांगितला. त्याचा आशय असा: प्रमाणभूत ग्रंथांच्या लेखकांनी चूक केलेली नाही असे मी मानतो, तरीही त्यांत काही सत्याविरुद्ध दिसले तर एकतर प्रत सदोष असेल, किंवा भाषांतरकाराला अर्थ कळला नसेल, किंवा मला स्वतःला तो समजला नसेल.

या तीन शक्यता नीट पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. प्रत सदोष असू शकते हे मान्य केले की प्रती ताडून पाहाव्या लागतात. भाषांतर चुकू शकते हे मान्य केले की मूळ भाषा शिकावी लागते. म्हणजे जेरोम यांच्या खटाटोपाचे समर्थन स्वतः ऑगस्टीन यांच्याच नियमात होते! आणि तिसरी शक्यता, 'मला समजले नाही', ही तर दोघांनाही नम्र करणारी होती. शास्त्राच्या अधिकाराचा अर्थ वाचकाचा अधिकार असा नव्हे, हे ऑगस्टीन यांनी येथे कायमचे सांगून ठेवले आहे.

जेरोम ४२० च्या सुमारास बेथलेहेम येथे निवर्तले. त्यांचे भाषांतर हळूहळू सर्वत्र रुळले आणि 'वल्गाता', म्हणजे लोकप्रचलित पाठ, या नावाने ओळखले जाऊ लागले. काळाचा विनोद असा की, ज्या भाषांतराला एकदा नवखे म्हणून विरोध झाला तेच पुढे परंपरा बनले. ८ एप्रिल १५४६ रोजी त्रेंत येथील धर्मपरिषदेने पवित्र ग्रंथांची यादी निश्चित केली आणि सार्वजनिक वाचनासाठी व प्रवचनासाठी वल्गाता हाच प्रमाण पाठ ठरविला. सप्ततीमधील जे ग्रंथ हिब्रू संग्रहात नव्हते त्यांविषयी जेरोम साशंक होते. तेथे मात्र परिषदेने ऑगस्टीन यांची बाजू घेतली. पुढे पोप बारावे पायस यांनी १९४३ मध्ये, ३० सप्टेंबर या जेरोम यांच्या सणाच्याच दिवशी, परिपत्रक काढून मूळ भाषांतील पाठांच्या अभ्यासाला उत्तेजन दिले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, ख्रिस्तसभेचे शिकविण्याचे पद ईशशब्दाच्या वर नसून त्याच्या सेवेसाठी आहे, आणि शास्त्र सर्व श्रद्धावंतांच्या आवाक्यात असले पाहिजे.

ही जेरोम यांची वाट आपल्या भाषेतही चालली गेली आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. त्या कॅथॉलिक नव्हत्या. परंतु मूळ शब्दापुढची त्यांची नम्रता बेथलेहेमच्या त्या वृद्ध संन्याशाला खचित ओळखीची वाटली असती.

तेव्हा शास्त्र प्रमाण मानणे म्हणजे डोळे मिटून एका प्रतीला कवटाळणे नव्हे, आणि प्रती ताडून पाहणे म्हणजे श्रद्धा सोडणेही नव्हे. जेरोम व ऑगस्टीन कठोर बोलले, रागावले. पण शब्द ईश्वराचा आहे याबद्दल दोघांचे दुमत नव्हते, म्हणूनच एका झाडाच्या नावासाठी त्यांनी एवढे श्रम घेतले. भोपळा, आयव्ही की एरंड, हा प्रश्न विद्वानांनी अवश्य सोडवावा. त्या झाडाखाली बसलेल्या माणसाला जो प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर मात्र ज्याचे त्याने द्यावयाचे आहे.