म्युझियम बघून जेवायचं कुठं?

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं. किल्ले, लढायांवर लिहिणारे जाणकार आहेत. मी जेवणावर लिहितो.

सत्तरच्या दशकात आपण परभणी जिल्ह्यात होतो तेव्हाची गोष्ट. शाळेची सहल मुंबईला गेली. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम बघून झालं आणि फाटकाबाहेर कठड्याला टेकून आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. मग शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत शिरलो. तिथं मागच्या बाजूला रेल्वेच्या डब्यासारखं लांबट, अरुंद हॉटेल दिसलं. माणसं निवांत बोलत बसलेली, पलीकडं म्युझियमची हिरवी बाग. आम्ही रेंगाळलो, तसे गुरुजी म्हणाले, "चला रे, ते आपल्यासाठी नाही."

खरंच नव्हतं का?

संग्रहालयात खाण्याची सोय पहिल्यांदा झाली ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये. तिथले संचालक हेन्री कोल यांचं गणित साधं होतं: कामगार माणूस दिवसा येऊ शकत नाही, म्हणून संध्याकाळी गॅसचे दिवे लावून म्युझियम उघडं ठेवायचं, आणि आलेला माणूस उपाशी असेल तर मूर्ती काय बघणार? १८६०च्या दशकात तिथं तीन देखणी भोजनदालनं सजू लागली. एक जेम्स गॅम्बल यांनी रंगीत चिनी मातीच्या फरशांनी मढवलं, दुसरं विल्यम मॉरिस यांनी हिरव्या रंगात सजवलं, तिसरं एडवर्ड पॉइंटर यांनी निळ्या टाइल्सनी. लोक आजही तिथं बसून चहा घेतात. पण गंमत पुढं आहे. जेवणाचे वर्ग ठरलेले होते! पहिल्या वर्गाचं वेगळं, दुसऱ्याचं वेगळं, आणि इमारतीवर काम करणाऱ्या मजुरांचं तिसरं. सगळ्यांना आत घेतलं खरं, पण पंगती वेगळ्या. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

जाता जाता सांगतो, त्या म्युझियमला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव १८९९ साली मिळालं. मुंबईत राणीच्या बागेतल्या म्युझियमला ते १८७२ पासूनच होतं. १९७५ मध्ये ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं.

आता आमच्या त्या लांबट हॉटेलाकडं. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिलेली. तिथं १९६४ मध्ये उषा खन्ना यांनी 'समोवार' सुरू केलं. समोवार म्हणजे रशियन लोकांचं चहाचं पाणी उकळायचं भांडं. एम. एफ. हुसेन यांच्यासारखे चित्रकार तिथं बसायचे, आणि ज्यांचं एकही चित्र विकलं गेलं नव्हतं तेही बसायचे. एका चहावर तासन्‌तास बसलं तरी कुणी उठवत नसे, ही त्या जागेची ख्याती. बासू चटर्जींच्या 'छोटी सी बात'मध्ये अमोल पालेकर-विद्या सिन्हांबरोबर ती जागाही दिसते.

म्हणजे गुरुजी चुकले होते. पण त्यांना तरी दोष कसा द्यावा? दाराशी "तुम्हीही या" अशी पाटी थोडीच असते!

मी आत गेलो ते थेट २०१३ साली, एका कामासाठी मुंबईला गेलो असताना. दुपारची वेळ होती. खिमा पराठा खाल्ला, वर पेरूचा रस प्यालो. वेटरनं बिल आणलं नाही, मागावं लागलं. दीड तास बसलो, खिडकीतून बाग बघत. आमचा कठडा कुठं असेल, याचा अंदाज घेत होतो.

पुढं गॅलरीला जागा परत हवी होती. मार्च २०१५ अखेर समोवार बंद झालं. एक्कावन्न वर्षं चाललं.

गेल्या वर्षी नातवाला म्युझियम दाखवायला नेलं. दुपारी त्यानं विचारलं, "आबा, जेवायचं कुठं?" मी गॅलरीकडं हात केला आणि तसाच खाली घेतला. मग फाटकाबाहेर येऊन पिशवीतला डबा काढला. धपाटे होतेच.