जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर घरच्या घरी बदलताना

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण साधले जाते की नाही, याची वर्दी इंजिनाच्या संगणकाला देतो तो ऑक्सिजन सेन्सर. बॉश कंपनीने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींत प्रथम बसविण्यात आला. झिर्कोनियाचे त्याचे टोक एक्झॉस्टमधील व बाहेरच्या हवेतील ऑक्सिजनच्या फरकानुसार साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट विद्युतदाब निर्माण करते. सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय ते नीट काम करीत नाही. म्हणूनच बहुतेक सेन्सरमध्ये हीटर असतो.

सेन्सर बिघडला की 'चेक इंजिन'चा दिवा लागतो, मायलेज घटते, इंजिन अडखळते आणि पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढलेले दिसते. याकडे दुर्लक्ष केल्यास जादा पेट्रोलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो आणि त्याचा खर्च सेन्सरच्या कित्येक पट असतो.

मात्र दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला, असे नव्हे. स्कॅनरवर पी ०१३५ हा कोड आल्यास दोष हीटरच्या मंडलात असतो. तेव्हा आधी फ्यूज आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पाहाव्यात. एक्झॉस्टमधील गळतीमुळेही सेन्सर चुकीची वर्दी देतो. कन्व्हर्टरच्या आधी एक व नंतर एक असे दोन सेन्सर असल्यास नेमका कोणता बदलायचा, हे निश्चित करावे.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा व बॅटरीची ऋण तार काढावी. खालून काम करायचे असल्यास गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. एक्झॉस्ट कोमट होईपर्यंत थांबावे. तापलेल्या नळीवर गंज सोडविणारे तेल फवारल्यास आग लागण्याचा धोका असतो.

प्रथम वायरीचा कनेक्टर सोडवावा. नंतर आट्यांवर तेल मुरू द्यावे आणि २२ मिलिमीटरचा पाना किंवा खाच असलेला खास सॉकेट लावून सेन्सर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. तो हलत नसेल तर अतिरेकी जोर लावू नये. आटे गेल्यास काम अनुभवी मेकॅनिककडेच न्यावे लागते.

नवा सेन्सर गाडीच्या मॉडेलला अनुरूप असावा. आट्यांवर अँटी-सीझ आधीच लावलेले नसेल तर किंचित लावावे. टोकाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. सिलिकॉन सीलंटच्या वाफेनेही टोक निकामी होऊ शकते. सेन्सर आधी हातानेच फिरवून बसवावा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतका आवळावा. वायर पिळलेली किंवा एक्झॉस्टला टेकलेली नसावी.

शेवटी बॅटरी जोडून मोकळ्या जागेत इंजिन सुरू करावे. बंद गॅरेजमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. गळतीचा फुसफुस आवाज येत नाही ना, हे ऐकावे आणि स्कॅनरने कोड पुसावा. काही दिवस गाडी चालवूनही दिवा पुन्हा न लागल्यास दुरुस्ती योग्य झाली असे समजण्यास हरकत नाही. तो पुन्हा लागल्यास मूळ दोष अन्यत्र शोधावा.