वऱ्हाडातील मीटरगेजचे डिझेल इंजिन : ‘वायडीएम-४’

यंत्राचा इतिहास लिहिताना त्याची अश्वशक्ती, बांधणीचा कारखाना व उत्पादनाची वर्षे नोंदवून थांबण्याचा प्रघात आहे. एखादे इंजिन विशिष्ट प्रदेशात का टिकले आणि तेथून का गेले, याचा उलगडा अशा नोंदींवरून होत नाही. अकोला जंक्शनवरून कित्येक वर्षे उतारूंच्या गाड्या ओढणारे ‘वायडीएम-४’ हे डिझेल इंजिन या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्याचे वऱ्हाडातील आयुष्य त्याच्या गुणदोषांपेक्षा रुळांच्या रुंदीने ठरविले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम मार्गाचा विचार करू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा १८६७ साली नागपुरास पोहोचलेला मुख्य मार्ग ब्रॉडगेजचा होता आणि अकोला व बडनेरा ही स्थानके त्याच मार्गावरची. परंतु वऱ्हाडाच्या उत्तरेस खंडवा-इंदूर-अजमेर हा मार्ग मीटरगेजचा, आणि दक्षिणेस निजामाच्या राज्यातील मनमाड-सिकंदराबाद मार्ग व त्याचा हिंगोलीपर्यंतचा फाटा हेही मीटरगेजचे. स्वातंत्र्यानंतर खंडवा-अकोला-हिंगोली हा दुवा बांधण्यात आला, तेव्हा राजस्थान व दख्खन यांना जोडणारी मीटरगेजची अखंड वाट अकोल्यावरून गेली. जयपूर व काचीगुडा यांच्या दरम्यान धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेची.

या वाटेवर आलेल्या इंजिनाचे मूळ अमेरिकेतील आल्को कंपनीच्या आराखड्यात आहे. आरंभीची इंजिने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस आयात झाली. १९६८ पासून वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात त्यांची बांधणी होऊ लागली. नावातील ‘वाय’ म्हणजे मीटरगेज, ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘एम’ म्हणजे मिश्र, अर्थात उतारू व माल या दोन्ही वाहतुकींस योग्य. वऱ्हाडातील सामान्य उतारूच्या वाट्यास केवळ त्याच्यासाठी घडविलेले डिझेल इंजिन आले नाही. सकाळी पॅसेंजर ओढणारे यंत्र रात्री मालडबे ओढण्यासही पात्र होते. वाफेच्या काळात मात्र उतारूंसाठी ‘वायपी’ व मालासाठी ‘वायजी’ असा स्पष्ट वर्गभेद असे.

रचनेचे गमक हलकेपणात आहे. ब्रॉडगेजवरील ‘डब्ल्यूडीएम-२’ या इंजिनात आल्कोच्या ‘२५१’ मालिकेचे सोळा सिलिंडरांचे यंत्र असे व त्याची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. त्याच मालिकेचे सहा सिलिंडरांचे लहान भावंड ‘वायडीएम-४’मध्ये बसविले गेले, त्याची शक्ती सुमारे १,४०० अश्वशक्ती. इंजिनाचे सुमारे ७२ टन वजन सहा आसांवर विभागलेले असल्याने प्रत्येक आसाचा भार १२ टनांच्या आसपास राही व मीटरगेजच्या हलक्या रुळांना तो सोसे. डिझेल यंत्र जनित्र फिरवी आणि त्या विजेवर प्रत्येक आसाची स्वतंत्र मोटार चाले.

अकोला-खंडवा मार्गाचे भूगोल ध्यानी घेतल्यास या रचनेचे मोल कळते. अकोल्याहून अकोटकडे जाताना रूळ पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा ओलांडतात. बाष्पक म्हणजे पाण्याचा अखंड खर. क्षारयुक्त पाण्याने त्यात थर साचतो आणि नळ्या निकामी होतात. डिझेल इंजिनास पाणी लागते ते केवळ थंडाव्यापुरते, तेही फिरून फिरून तेच. पुढे मेळघाटात चढ सुरू होतो. धूळघाट येथे रुळांनी पूर्ण वळसा घेऊन स्वतःलाच वरून ओलांडले आहे. अंतर वाढवून चढाची तीव्रता कमी करण्याची ही युक्ती. अशा ठिकाणी वेगापेक्षा मंद गतीतील सलग ओढ महत्त्वाची, आणि विद्युत्-प्रेषणाच्या इंजिनाची खरी सरशी तेथेच होते.

शेजारच्याच मूर्तिजापूर जंक्शनवर निराळा प्रकार आढळतो. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अडीच फुटी नॅरोगेजची ‘शकुंतला’ किलिक-निक्सन यांच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीची होती. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली तरी या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली. गाड्या सरकारने चालवायच्या व मोबदला कंपनीस द्यायचा, असा करार. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन येथे १९२३ पासून धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेलने घेतली. नॅरोगेजची डिझेल इंजिने देशात त्यापूर्वी कित्येक वर्षे उपलब्ध होती. हा विलंब तंत्राच्या अभावी झाला असे म्हणता येत नाही. परक्याच्या मालकीच्या रुळांवर खर्च कोणी करावा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी असावा.

‘वायडीएम-४’ची एक्झिटही तशीच. एकच गेज राखण्याच्या धोरणानुसार पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि अखंड वाट तुटली. अकोला-खंडवा भागातील मीटरगेज वाहतूक २०१७च्या आरंभी बंद करण्यात आली. यंत्र मोडीत निघण्याजोगे झाले होते म्हणावे, तर याच वर्गाची वापरलेली भारतीय इंजिने मलेशिया व म्यानमार येथील मीटरगेजवर पुन्हा कामास लागली होती. रूळ असतील तेथे यंत्रास काम होते.

अकोला-अकोट हा सपाटीचा भाग ब्रॉडगेज झाला व २०२२ मध्ये तेथे उतारूंची गाडी सुरू झाली. अकोटच्या पुढे मात्र जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने रुंदीकरणास वन्यजीव-अभ्यासकांनी विरोध केला, आणि २०२० मध्ये राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जंगलाबाहेरून पर्यायी मार्ग न्यावा अशी भूमिका मांडली. वाघाच्या अधिवासाचा हा दावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु पॅसेंजरच्या अल्प भाड्यात अकोट वा खंडवा गाठणाऱ्या डोंगरातील कोरकू उतारूचाही दावा आहे, आणि पर्यायी मार्ग जंगलाबाहेरून गेला तर त्याच्या गावाजवळचे स्थानक त्यावर येणार नाही.