भयपटाची जागा आणि मावळातली लेणी

मंडळी, भुताचा चित्रपट काढायचा म्हणजे भूत मागाहून मिळते. आधी जागा शोधावी लागते, बरं का! स्टुडिओत ओसाड वाडा उभारायला पैसा फार पडतो. म्हणून रामसे बंधूंनी १९७२ सालच्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी महाबळेश्वर गाठले. २०१८ सालच्या ‘तुंबाड’चे नाव कोकणातल्या गावाचे, पण त्यातला वाडा आपल्याच पुणे जिल्ह्यातला, सासवडच्या पुरंदऱ्यांचा. पाऊसही नळाचा नव्हे. अनेक पावसाळे थांबून तो खराच टिपला.

मग आपले मावळ अशा नजरेतून कसे सुटेल? १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि खंडाळा-लोणावळे मुंबईला जवळ आले. वर्षाला ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. भरदुपारी दहा पावलांवरचा माणूस धुक्यात दिसेनासा होतो. जुने बंगले आहेत, वीज आहे, मुक्कामाची सोयही आहे.

बंगल्यात खुशाल चित्रपट काढावा. गावालाही चार पैसे मिळतात. पण नजर कार्ले-भाज्यांच्या लेण्यांकडे वळली, की जरा थांबावे. कार्ल्याच्या चैत्याच्या छताला सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत. आता तुम्हीच विचार करा. दृश्यापुरती एक मशाल पेटवली आणि ठिणगी उडाली, तर ते लाकूड पुन्हा कोठून आणणार? म्हणूनच १९५८ चा कायदा आणि त्याखालचे १९५९ चे नियम यांनी संरक्षित स्मारकांतल्या चित्रीकरणाला परवान्याचे बंधन घातले.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली सासवडासच वारले; पुरंदरे हे त्यांच्या कारभारातले घराणे. पण चित्रपट पाहिलेला मुलगा तेथे जाऊन विचारील, “हस्तरचा वाडा तो हाच का?” पडद्यावरचे भूत असे जागेला चिकटते आणि खरी माणसे मागे पडतात.

तेव्हा गुरुजी, मुलांना कार्ल्याला न्याल, तेव्हा भिंतीवरचे दानलेख अवश्य दाखवा. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजीने जंबुद्वीपातले हे उत्तम शैलगृह पुरे करविले, असे त्यांतला एक लेख सांगतो. पोरांनी विचारलेच, “येथे भूत आहे का?” तर सांगा, “आहे ना! हा पाहा, भूतपाल.”