प्रतिज्ञा आणि पूर्वपक्ष

वादात्मक निबंध लिहावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम सांगितले जाते ते हे, की आरंभीच्या परिच्छेदात आपली भूमिका स्पष्ट मांडावी. ही शिकवण इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भूमिका आधी मांडण्याचा नियम आपल्या शास्त्रांना अपरिचित नव्हता. तथापि त्या भूमिकेपर्यंत पोहोचण्याची जी वाट शास्त्रांनी आखून दिली होती, तिचा वर्गाला विसर पडला.

न्यायसूत्रांत परार्थ अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. जे सिद्ध करावयाचे त्याचा निर्देश म्हणजे प्रतिज्ञा. तिच्या पाठोपाठ हेतू आला पाहिजे. भूमिकेचा परिच्छेद म्हणजे बहुतांशी हेच दोन अवयव होत. प्रतिज्ञेची जबाबदारीही सूत्रकारांनी नेमकी सांगितली आहे. स्वपक्ष न स्थापता केवळ परपक्ष खोडीत राहणे ही वितंडा. आणि २२ निग्रहस्थानांत पहिली दोन आहेत प्रतिज्ञाहानी व प्रतिज्ञांतर. मध्येच भूमिका सोडणारा किंवा बदलणारा तेथेच हरला. हे दोन्ही दोष विद्यार्थ्यांच्या निबंधांत किती वेळा आढळतात, हे अध्यापकांस सांगावयास नको.

मीमांसकांच्या अधिकरणाचा क्रम निराळा आहे. तेथे विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतरच सिद्धान्त येतो. विरोधी मत पूर्ण बळाने मांडल्यावाचून स्वमताचा अधिकारच प्राप्त होत नाही. ग्रीक वक्तृत्वशिक्षणातही याला जवळचे उदाहरण आहे. चौथ्या शतकातील आफ्थोनिअसने सांगितलेल्या १४ लेखनाभ्यासांत, ‘विवाह करावा काय?’ यासारख्या सामान्य प्रश्नावर भूमिका घेण्याचा अभ्यास तेरावा आहे, आणि आक्षेप व परिहार हे त्याचे अंगच आहे.

न्यायाचा क्रम हा मांडणीचा, अधिकरणाचा क्रम हा विचाराचा, असे म्हणावयास हरकत नाही. पहिला घेऊन दुसरा टाकला की काय होते, याचे उदाहरण मराठी निबंधाच्या इतिहासातच आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा १० वरून १२ वर नेली. आगरकरांनी त्याला पाठिंबा दिला, टिळकांनी विरोध केला. दोघेही अध्यापक आणि १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे संस्थापक-सभासद. आज विद्यार्थी या वादावर लिहितो तेव्हा ‘एक बालविवाहाच्या विरुद्ध, दुसरा बाजूचा’ अशी प्रतिज्ञा करून मोकळा होतो. वस्तुतः टिळकांचा मुख्य आक्षेप परकी सरकारने सामाजिक-धार्मिक व्यवहारात कायदा करण्यास होता; सुधारकांनी आधी स्वतःवर नियम घालून घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. समाज आपण होऊन हलत नसेल तेथे कायद्याचे साह्य घेण्यात आगरकरांना कमीपणा वाटत नव्हता. वाद साध्याहून अधिक साधनाचा होता. पूर्वपक्ष नीट मांडून पाहणाऱ्यालाच वादाचे हे खरे स्थळ सापडते. इतरांची प्रतिज्ञा ठाम असते, पण ती भलत्याच प्रश्नावर असते.

म्हणून भूमिकेचा परिच्छेद लिहावयास सांगण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून एक परिच्छेद प्रतिपक्षाच्या वतीने लिहवून घ्यावा, आणि तो प्रतिपक्षीयालाही मान्य व्हावा एवढा प्रामाणिक आहे काय, हे पाहावे. उभय पक्षांना मान्य काय आणि मतभेद कोठून सुरू होतो, हे त्यातून कळते. प्रतिज्ञा तेथे करावी. छापील निबंधात ती पहिली येईल. विचारात ती शेवटीच यावयास हवी.